कोपऱ्यात कोण बसणार?

९ जानेवारी

काका, नमस्कार.

साष्टांग घातला असता, पण कंबर धरली आहे. उभ्या उभ्याच घ्या.

शिबिरात पोचल्या पोचल्या आमचे फोन काढून घेतले. मुख्य कोच मॅडमचं म्हणणं, फोनमुळे पोरींचं लक्ष उडतं. म्हणून हे पत्र. तुमच्या दृष्टीने बरंच झालं म्हणा. नाहीतरी फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तुम्ही "काय?" म्हणून ओरडता.

खोली ठीक आहे. दोन खाटा, एक खिडकी, खिडकीतून पाण्याची टाकी. वजन दीड किलो जास्त भरलं, त्यामुळे जेवणाच्या ताटात सध्या मुख्यतः ताटच असतं. बत्तिसाव्या वर्षी एक्कावन्न किलोत मावायचं म्हणजे चेष्टा नाही हो. ऑफिसातल्या खुर्चीवर बसून विजेची बिलं तपासणाऱ्या बाईचं अंग वेगळं आणि रिंगमध्ये उतरणाऱ्या बाईचं वेगळं, आणि माझ्याकडे दोन्ही एकाच कातडीत आहेत.

मुद्द्यावर येते. इथे एक नवीन पोरगी आली आहे. एकोणीस वर्षांची, माझ्याच वजनगटातली, आणि डावरी. काल सरावात तिचा डावा हात कुठून आला ते कळलंच नाही. असा काही जबड्यावर बसला की मला शाळेतल्या गणिताच्या बाई दिसल्या. सगळ्या पोरी बघत होत्या. पाच वेळची राष्ट्रीय विजेती, आणि एका शेंबड्या पोरीने दोरीवर टेकवली! मॅडमनी ते लगेच वहीत लिहिलं. ते जास्त लागलं.

मार्चमध्ये निवड चाचणी आहे. आमच्या गटातून जागतिक स्पर्धेला एकच जण जाणार. काका, माझी ही शेवटची संधी. हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि माझ्या गुडघ्यालाही. दोनदा तिथून ब्राँझ घेऊन परत आले, लोकांनी हार घातले, मी हसून फोटो काढले. एकदा तरी वरच्या पायरीवर उभं राहायचंय.

चाचणीला ज्याला त्याला आपला कोच कोपऱ्यात बसवायची मुभा आहे. तुम्ही याल ना? तीन वर्षांपूर्वी तुमच्या हृदयाने दगा दिला तेव्हा तुम्ही दवाखान्यात मला शिकवणं बंद म्हणून शब्द दिलात आणि घरी येऊन काकूंच्या देखत ठोसे झेलायचे पॅड माळ्यावर टाकलेत, ते मी विसरले नाही. पॅड धरायचेच नाहीत. नुसतं स्टूल ठेवायचं, पाणी द्यायचं आणि मला शिव्या घालायच्या. तुम्ही नसताना कोपऱ्यात जो कुणी असतो तो फार सभ्य बोलतो हो. अंगात काही चढत नाही.

आणि या डावरीला अडवू कशी, ते लिहा. गोळ्यांची आणि कुंड्यांची खुशाली कळवा.

तुमची,
मुंगी


१७ जानेवारी

मुंगे,

आशीर्वाद. कंबरेला गरम पाण्याची पिशवी लाव आणि रडगाणं बंद कर.

मी ठणठणीत आहे. गोळ्या वेळेवर. सकाळी कुंड्यांना पाणी घालतो, संध्याकाळी फिरायला जातो. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आता स्वतः तळमजल्यावर बसून आहे. रिटायर म्हाताऱ्याला आणखी काय काम!

आता डावरी. तुझा डावा पाय कायम तिच्या उजव्या पायाच्या बाहेर. आत सापडलीस की संपलीस. तिच्या डाव्या हातापासून लांब, म्हणजे तुझ्या डाव्या अंगाला फिरत राहा. पहिली फेरी घाई करू नकोस. आणि खरी गोष्ट ऐक. डावा सोडताना तिचा उजवा हात गालावरून सुटून छातीपर्यंत उतरतो. अगदी क्षणभर. तेवढ्यात डोकं बाजूला घेऊन तुझा डावा हुक घाल. दोनदा बसला की ती गांगरते आणि मग मागे मागे जाते.

कोपऱ्याचं काय ते मग बघू. मार्च लांब आहे.

काका

बेटा, मी काकू. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली दोन ओळी. ह्यांची तब्येत बरी आहे. संध्याकाळी फिरायला जायचे ते घामाने निथळत घरी यायचे. मी विचारलं, एवढं कुठे फिरता? तर म्हणाले, चढ आहे. आपल्या भागात चढ कुठे आहे गं? गेले पंधरा दिवस मात्र लवकर येतात, कोरडेच येतात आणि तोंड पाडून बसतात. तू उपाशी झोपू नकोस.


२८ जानेवारी

काका,

तुमचा हुक लागू पडला. पहिला बसला तेव्हा ती थबकली, दुसरा बसला आणि तुम्ही लिहिलंत तशी मागे मागे गेली. मॅडम पहिल्यांदा हसल्या. मी दिवसभर हवेत होते.

आणि मग जेवताना घास हातातच राहिला.

मी तुम्हाला लिहिलं होतं की पोरगी डावरी आहे आणि तिने मला मारलं. एवढंच. तिचा उजवा हात खाली येतो हे मी लिहिलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं! मग तुम्हाला घरबसल्या कुंड्यांना पाणी घालता घालता कसं दिसलं?

ताट तसंच ठेवून तिच्या खोलीवर गेले. विचारलं, तुला कुणी शिकवलं? तिने मान खाली घातली. म्हणाली, "सांगायचं नाही असं सांगितलंय." मी म्हटलं, "कुणी सांगितलंय?" तर म्हणाली, "ज्यांनी शिकवलं त्यांनी." काका, खोटंही धड शिकवलं नाहीत तिला.

तर तो चढ असा आहे होय. काकूंना सांगू का, चढ तुम्ही मला शिकवायचात त्या गोदामाच्या तळघरात आहे आणि त्याचं वजन एक्कावन्न किलो आहे?

मला राग कशाचा आलाय तेच नीट कळत नाहीये. तुम्ही मला शब्द दिला होता. दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून मी तो घेतला होता, तुमचा हात केवढा गार होता! मला फसवलंत ते फसवलंत, त्या हृदयाला कसं फसवणार होता? आणि दुसरं, हे लिहायची लाज वाटते पण लिहिते. मला वाटायचं तुमची शेवटची मी. माझ्यानंतर पॅड माळ्यावर.

आता सरळ सांगा. चाचणीला कुणाच्या कोपऱ्यात बसणार?

मुंगी


५ फेब्रुवारी

मुंगे,

चोर सापडला. काकूलाही मीच सांगितलं. तिने माळ्यावर चढून पॅड शोधले. तिथे नव्हतेच. दोन दिवस माझ्याशी फक्त गोळ्यांपुरतं बोलत होती.

झालं ते असं. मी तळघराची किल्ली परत द्यायला गेलो होतो, खरंच. दार उघडं होतं. आत ही पोर, शेजारच्या बेकरीतली, आपली जुनी बॅग नुसत्या हातांनी बडवत होती. बोटांवर भट्टीचे चटके, सालटी निघालेली, आणि उभी अशी की फुंकर मारली तर पडेल. मी म्हटलं, "पाय चुकलाय." एवढंच बोलून निघणार होतो. तिने पाय बदलला आणि म्हणाली, "आता?" आता मला सांग, माणसाने काय करावं?

स्पर्धेला तिला दुसऱ्या व्यायामशाळेच्या नावावर उतरवायचो, नाहीतर तुझ्या कानावर गेलं असतं. डॉक्टरला मात्र सांगितलं होतं. तो म्हणाला, पॅड धरा, पण दमाने. तुला सांगायची छाती झाली नाही. तुझ्या रागाची मला हृदयापेक्षा जास्त भीती वाटते.

तिची खोड तुला लिहिली तेव्हा मला भानच नव्हतं. तू विचारलंस आणि मी सांगितलं. इतकी वर्षं तेच करत आलोय. पत्र पेटीत पडल्यावर लक्षात आलं की मी एका लेकीचं गुपित दुसरीला विकलं. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ती तिथे एकटी आहे, मुंगे. घर सोडून पहिल्यांदाच राहते आहे, आणि तिला ठाऊकही नाही की तिच्याच काकाने तिचा गाल उघडा पाडला.

आता तागडी सारखी करायलाच हवी. तुझीही खोड तिला लिहून पाठवतोय. ती तुला आधी सांगतो, पाठीमागून नको. दमलीस की तू सरळ रेषेत मागे सरकतेस. कडेला वळत नाहीस. सरळ दोरीवर जातेस आणि अडकतेस. हे तुला पंधरा वर्षं सांगतोय, पण तू ऐकशील तर शपथ!

कोपऱ्याचं विचारलंस. आमच्यात एक रीत आहे. एकाच घरच्या दोघी समोरासमोर आल्या की घरच्या माणसाने कुणाच्याच कोपऱ्यात बसायचं नाही, वर प्रेक्षकांत जाऊन बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माझ्या कोचने माझ्या वेळी हेच केलं होतं. मी हरलो होतो आणि त्याला जन्मभर माफ केलं नाही. तूही करू नकोस हवं तर. पण मी वरच बसणार.

रागाव, पण जेव.

काका


२४ फेब्रुवारी

काका,

मुद्दामच उशिरा लिहिते आहे. राग पुरवून पुरवून वापरला.

तुमची लाडकी लबाड आहे. तुमचं पत्र तिला सकाळी आलं असेल, संध्याकाळच्या सरावात तिने मला दोनदा दोरीवर अडकवलं. मी दमेपर्यंत वाट बघितली आणि मग पाठलाग! मनात म्हटलं, काकांचंच पिल्लू.

पण एक वेगळंच झालं. त्या दिवशी मी सगळ्यांच्या देखत तिच्या उजव्या गालावर हुक घातले होते ना, ते बाकीच्या पोरींनी बघितलं. आता जी ती तिला तिथेच मारते. चार वजनगटांतल्या पोरी एका गालावर तुटून पडल्या आहेत. गाल टोमॅटोसारखा झालाय, उजवा डोळा निम्मा बंद. तक्रार करत नाही. परवा कपडे धुवायच्या खोलीत मशीनकडे तोंड करून रडत होती, मशीन सुरू करून, म्हणजे आवाज येऊ नये. मी काय करणार होते? मीही तिथेच रडायचे, आठवतंय, पहिल्या शिबिरात. तेव्हा मशीन नव्हतं, नळ सोडावा लागायचा.

तर मी तिची खोड काढते आहे. उजव्या ग्लोव्ह आणि गालाच्या मध्ये मोजा धरायला लावते आणि डावा मारायला सांगते. मोजा पडला की उठाबशा. तुम्ही माझ्या वेळी वापरायचा तोच उपाय, फक्त मोजा धुतलेला.

ओरडू नका. मला तिला हरवायचंच आहे. रोज सकाळी उठते ती तिला हरवायलाच. पण उघड्या गालावर मारून जिंकले तर मला कळणारच नाही की मी जिंकले की तुमचं पत्र जिंकलं. मला ही शेवटची माझी हवी आहे.

काल तिने विचारलं, "काकांचा राग आलाय का तुम्हाला?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मलापण." मग आम्ही बराच वेळ तुमची नक्कल करत बसलो. ती "पाय चुकलाय" फार छान म्हणते.

मुंगी


२ मार्च

मुंगे,

अगं, अक्कल गहाण टाकलीस की काय? चाचणी तोंडावर आणि तू प्रतिस्पर्ध्याला शिकवत बसलीस! असा कोच मी आयुष्यात पाहिला नाही.

हे वरचं रागाने लिहिलं. पुढचं काकूने दम देऊन लिहून घेतलं आहे, पण खरं तेच आहे. तुझं पत्र वाचून मी तोंड धुवायला गेलो आणि बराच वेळ तोंडच धूत राहिलो.

आम्ही दोघं येतोय. वर बसू. काकू गोळ्यांचा डबा घेऊन माझ्या शेजारी. खाली कुणीही जिंकलं तरी मला ओरडायची परवानगी नाही असं ठरलंय.

कडेला वळ. सरळ मागे जाऊ नकोस. हे मी तुला सांगितलेलं नाही.

काका


१६ मार्च

मुंगे,

न भेटता गेलीस. काकू तुझ्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आली. खाट रिकामी.

तीन पंच तिच्या बाजूने, दोन तुझ्या. मी पंच असतो तर काय केलं असतं, विचारू नकोस. पहिल्या फेरीत तू तिला मुळाक्षरं शिकवलीस. दुसरीत ती शिकली. तिसरीत तू दमलीस, आणि मुंगे, तू कडेला वळलीस! पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मी उभा राहिलो, काकूने शर्टाला धरून खाली बसवलं. तिचा उजवा हात गालावरून एकदाही सुटला नाही, तोही तुझ्यामुळेच. निकाल सांगताना पंचाने तिचा हात वर केला तेव्हा मला आनंद झाला. तुझा खाली राहिलेला दिसला आणि जीव तुटला. दोन्ही एकाच वेळी. एवढ्या वयात असं पहिल्यांदाच झालं, आणि पुन्हा होऊ नये.

तू तळघरात पहिल्यांदा आलीस तेव्हा चौदा वर्षांची होतीस, भावाचे बूट घालून. पहिली लढत हरलीस आणि रिंगमधून उतरायलाच तयार नव्हतीस, म्हणालीस, परत घ्या. नाक मोडलं तेव्हा तुझे वडील माझ्या अंगावर धावून आले, "आता हिच्याशी लग्न कोण करेल?" तू मागून म्हणालीस, "ज्याला नाक हवंय त्याने स्वतःचं आणावं." राष्ट्रीय स्पर्धेचं पहिलं पदक माझ्या गळ्यात घातलंस आणि मी ते घरी येईपर्यंत काढलं नव्हतं. बसमध्ये लोक मलाच बॉक्सर समजत होते. तू जागतिक सोनं आणलं असतंस तर मला यापेक्षा जास्त वाटलं असतं असं नाही. तुला वाटलं असतं, ते मला कळतं. त्याला माझ्याकडे औषध नाही.

दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

काका


११ एप्रिल

काका,

ऑफिसातून लिहिते आहे. समोर बिलांचा ढीग. सगळे येऊन विचारतात, आता पुढे काय? मी म्हणते, जेवण.

न भेटता का गेले ते सांगते. निकालानंतर तुम्ही जिन्याने खाली यायला लागलात. खाली आम्ही दोघी उभ्या होतो, ती डावीकडे, मी उजवीकडे. तुम्ही आधी कुणाकडे जाल ते मला बघायचं नव्हतं. तिच्याकडे गेला असतात तर मला सहन झालं नसतं. माझ्याकडे आला असतात तर तिच्या दिवसाचं सोनं झालं नसतं, बिचारीचा पहिलाच मोठा दिवस. म्हणून मी निघाले. घरी येऊन जे रडले ते रडले. आता बरी आहे. खोटं नाही, खरंच बरी आहे. पोटभर जेवले की माणूस बरा होतो, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमचा फोन आला होता. डावरीला कुणाचंच ऐकू येत नाही म्हणे, म्हणजे ऐकते पण मनावर घेत नाही. तिने माझं नाव सांगितलंय. सहायक कोचची परीक्षा देऊन तिच्याबरोबर जाल का, असं विचारत होत्या. मी नाही म्हटलं. फोन ठेवला. मग आरशात बघितलं आणि परत फोन केला.

तुमची पत्रं काढून अभ्यासाला बसले आहे. त्यात शिव्याच जास्त आहेत.

मुंगी


१९ सप्टेंबर

काका,

फोन आहे हातात, पण हे तुम्हाला फोनवर ओरडून सांगता येणार नाही. जागतिक स्पर्धेच्या गावी हॉटेलच्या खोलीत बसून लिहिते आहे. शेजारच्या खाटेवर तुमची पोर पालथी झोपली आहे, तोंड उघडं टाकून.

ती पहिली लढत जिंकली. पाचही पंच. हे आधी लिहायला हवं होतं.

पण मला वेगळंच सांगायचंय. पहिली फेरी संपली, मी स्टूल ठेवलं, ती येऊन बसली. नाकातून रक्त येत होतं. थोडंच, आपण दोघांनी याच्या दसपट बघितलंय. मी किती काय काय सांगायचं ठरवलं होतं! पायाचं, अंतराचं, समोरच्या पोरीच्या खांद्याचं. ते सगळं बाजूला राहिलं. वाटलं, हिला उचलावं, कडेवर घ्यावं आणि सरळ घरी न्यावं. कुणाला नको ते पदक. शेवटी कसंबसं म्हटलं, "श्वास घे, पोरी." तिने घेतला. घंटा वाजली आणि मी याच हातांनी तिला परत आत ढकललं.

काका, हे तुम्ही माझ्यासोबत पंधरा वर्षं केलंत?

मला वाटायचं मार मी खाते आणि तुम्ही बाहेर आरामात उभे असता. तुमचा चेहरा बघून मला धीर यायचा. वाटायचं, यांना भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही, मग मी कशाला घाबरू? आज बाटली तिच्या तोंडाला लावली तर माझा हात एवढा थरथरत होता की निम्मं पाणी तिच्या अंगावर सांडलं. तुमचे हात कसे नाही थरथरले हो कधी?

परवा पुढची लढत आहे. तुम्ही मला फार आवडता, हे कधी लिहिलं नव्हतं.

मुंगी


२७ सप्टेंबर

मुंगे,

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत स्पर्धा संपलेली असेल, तरी लिहितो.

थरथरायचे की. म्हणून तर बाटली दोन्ही हातांनी धरायचो. तुला वाटायचं, काका किती मानाने पाणी पाजतात.

काका